अनुमोदक दुसऱ्या वाडीचा

तुडील, ता. महाड.
२७ नोव्हेंबर, गुरुवार.

सौ. अंकिता सकपाळ, माजी सदस्य, पंचायत समिती, पोलादपूर, हिस

सप्रेम जय भीम.

सावित्री खोरे लोकपक्षाची मासिक बैठक रविवार, ७ डिसेंबर रोजी दुपारी चार वाजता महाडच्या कार्यालयात ठेवली आहे. विषय दोन. पहिला, दिवंगत सोनबा उतेकर, राहणार उंबरमाळ, यांच्या निधनाबद्दल शोकप्रस्ताव. दुसरा, सप्टेंबरच्या बैठकीत तहकूब राहिलेला ठराव. सभासद या नात्याने तू हजर राहावेस ही विनंती.

नोटीस संपली. आता चार ओळी माणसासारख्या लिहिते.

मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, म्हणून यंदा सहा डिसेंबरला मुंबईला जात नाही, इथूनच वंदन करीन. सेजल पुण्याहून रोज फोन करते. "आई, तिथे एकटी काय करतेस?" म्हणते. मी म्हणते, पक्ष चालवते. ती हसते. हसू दे, माझीच मुलगी आहे. तुझी मुलं बरी असतील. थोरला आठवीत गेला असेल ना? त्याच्या गणिताकडे बघ. तुझं घोडं कायम तिथेच अडायचं, ते त्याच्या नशिबी नको.

तू म्हणशील, बाईंना झालं तरी काय? सात वर्षं महाडच्या बाजारात समोरासमोर आलो तरी मान वळवून मेथीची जुडी बघत बसतात, आणि आता एकदम नोटीस? आणि मी सभासद तरी कुठे राहिले?

आहेस. चांगली पक्की सभासद आहेस. तू त्या मोठ्या पक्षात गेलीस त्याच महिन्यात तुला काढून टाकायचा ठराव मी मांडला होता. लपवत नाही, मीच मांडला, आणि चांगला कडक शब्दांत मांडला. तेव्हा आपण बैठकीला सहा-सात माणसं तरी असायचो. ठरावाला अनुमोदक हवा. मी सोनबाकडे पाहिलं. ते सतरंजीची दशी सोडवत बसले. मी म्हटलं, "सोनबा, हात वर करा." ते म्हणाले, "माजा हात दुखतो हाय." दुसरं कोणी सोनबांच्या पुढे जाऊन हात वर करणार होतं थोडंच! ठराव पडला. नंतर मी दोनदा पुन्हा मांडला, दोन्ही वेळा सोनबांचा हात दुखला. म्हणून तू अजून आहेस.

नियम तुला पाठ आहेत, तरी लिहिते, कारण तुझ्या नव्या पक्षात हात वर करायची वेळच येत नसेल. आपल्याकडे ठरावाचा सूचक एका वाडीचा आणि अनुमोदक दुसऱ्या वाडीचा लागतो. वाडी म्हणायचं आणि जात समजायची. बौद्धवाडीच्या माणसाने मांडलं तर मराठ्याच्या, कुणब्याच्या, कातकऱ्याच्या वाडीतल्या कोणाचा तरी हात वर व्हायलाच हवा, नाहीतर ते राहिलं. या एका नियमापायी किती चांगले ठराव पडले आणि किती बैठका संध्याकाळपर्यंत लांबल्या! पण माणसं एकमेकांच्या अंगणात गेली ती त्याच नियमापायी. अनुमोदन मागायला जावंच लागायचं.

दुसरा नियम तर आपलाच, दुनियेत कुठे नसेल. शोकप्रस्ताव असो की अभिनंदनाचा, सूचकाने चांगलं बोलायचं आणि अनुमोदकाने एक खरी तक्रार सांगायची. मेलेल्या माणसाचा देव करायचा नाही आणि जित्याचा पुढारी करायचा नाही, म्हणून. आपल्या पक्षातल्या बुद्धरत्नचा शोकप्रस्ताव आठवतो? तू तेव्हा कॉलेजात होतीस. सोनबा उभे राहिले आणि म्हणाले, "बुद्धरत्ननी माजी छत्री न्हेली ती परत दिली नाय." सगळे हसले आणि मग एकेक करून रडले. त्याची बायको सुद्धा हसली होती.

तर आता घोडं इथे अडलंय. सोनबांचा शोकप्रस्ताव मी मांडणार, पण अनुमोदक आणायचा कुठून? आपला जुना सभासद गणू कंपनीतून निवृत्त होऊन बदलापूरला मुलाकडे गेला, त्याला आता माणसं ओळखू येत नाहीत. पाळी सुटल्यावर एमआयडीसीतून थेट बैठकीला येणारी पोरं कुठे पांगली ती पांगली. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मी कार्यालय उघडलं, झाडलं, सतरंजी घातली आणि एकटीच बसले. एकटीने बैठक होत नाही. नोव्हेंबरमध्येही तेच. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ आहे ना, तिच्याकडे बघत बसले. खाली नगरपालिकेच्या प्रचाराच्या रिक्षा भोंगे लावून फिरत होत्या.

मग मी खालच्या सयाजीला विचारलं. तोच, तांदळाच्या दुकानाचा. म्हटलं, सभासद हो, एक दिवस वर ये आणि हात वर कर. तो घाबरला. "बाई, मी सगळ्यांच्याच प्रचाराला जातो. दुकान चालवायचंय. तुमच्यात आलो तर बाकीचे रागावतील, आणि तुमच्यात माणसंच नाहीत, म्हणजे माझी बाजू घ्यायलाही कोणी नाही." हिशेब बरोबर आहे त्याचा. आणि त्याची सोनबांबद्दल तक्रार तरी काय असणार? जिना चढताना ते त्याच्या पोत्यांना टेकायचे, एवढीच. त्याच्यावर शोकप्रस्ताव भागवायचा का?

तक्रार करायला माणूस ओळखावं लागतं. उंबरमाळची शाळा एका शिक्षकाची, तिथे मी शिकवायला यायचे तेव्हा तू पाटी बडवत रडायचीस आणि सोनबा तुला खांद्यावर बसवून शाळेत आणून सोडायचे. त्यांना माझ्याइतकं ओळखणारं आता एक तूच उरलीस. शिवाय तू उंबरमाळची. लग्न होऊन पोलादपूरला गेलीस म्हणून काय झालं, बाईची वाडी आपल्या पक्षात लग्नाने बदलत नाही. तो ठराव तूच मांडला होतास, शाळकरी वेण्या घालून.

रागावू नकोस, पण एक बोलते, नाहीतर माझ्या पोटात राहील. सोनबा गेल्यावर पोलादपूरच्या नाक्यावर तुझ्या पक्षाने फ्लेक्स लावला. भावपूर्ण श्रद्धांजली. वर पाच पुढारी, हात जोडलेले, एकेकाचं तोंड सुपाएवढं. खाली कोपऱ्यात सोनबा, रेशन कार्डाच्या फोटोएवढे. ज्यांनी तुझ्या पक्षाला जन्मात मत दिलं नाही, त्यांना मेल्यावर तुम्ही ओढून नेलंत. अंगाची लाही लाही झाली माझी. तू केलंस की तुझ्या माणसांनी, ते मला माहीत नाही. अंत्ययात्रा पोलादपूरच्या नदीघाटावर आली, तिथे तू समोर उभी होतीस तेव्हा विचारणार होते. पण तू रडत होतीस.

ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी दवाखान्यात मी त्यांच्याजवळ होते. तू अलिबागला होतीस असं कळलं. त्याबद्दल आत्ता लिहीत नाही. दुसऱ्या विषयाबद्दलही लिहीत नाही, तो बैठकीतला विषय आहे.

झेडपीच्या निवडणुकीत तुला तिकीट मिळणार अशी बातमी आहे. आमच्या कार्यालयाचा जिना चढताना कोणी पाहिलं तर तुला अडचण होईल, हे मला कळतं. मागच्या बाजूने या असं मी सांगणार नाही. मागे दार नाहीच.

चार वाजता. घड्याळ पुढे आहे, तेव्हा पाच मिनिटं उशीर झाला तरी चालेल.

कळावे,
उज्वला तांबे
सरचिटणीस (आणि बाकी सगळं)



तुडील.
१८ डिसेंबर, गुरुवार.

प्रिय अंकिता,

जय भीम. थंडी पडली आहे. कालपासून घसा धरलाय, म्हणून बोलणं बंद आणि लिहिणं चालू.

तू आली होतीस. नाही म्हणू नकोस. मी खिडकीतच होते. पांढरी गाडी, समोर लहान मुलाचा बूट टांगलेला. चारला आलीस, साडेचारपर्यंत गाडीतच बसलीस, मग उतरून सयाजीच्या दुकानात गेलीस आणि दोन किलो कोलम घेऊन निघून गेलीस. पोलादपूरहून महाडला दोन किलो तांदळासाठी कोणी येत नाही गो. सयाजीने नंतर वर येऊन सांगितलं, "मॅडम विचारत होत्या, बाई वर आहेत का. मी हो म्हटलं. तर म्हणाल्या, बरं."

बरं म्हणालीस आणि गेलीस! मी वर दोन कप चहा करून बसले होते. दोन्ही मीच प्यायले.

पण खरं सांगू? मीही खाली आले नाही. वीस पायऱ्यांचा तर जिना. हाक मारली असती तरी तुला ऐकू गेली असती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्यासारख्यांना बघूनच म्हणत असतील. आधी आठ दिवस तुझ्यावर चिडले. मग विचार केला, पोरगी वर का चढली नाही? घाबरली म्हणावं, तर गाडी बाजारात सगळ्यांसमोर लावून अर्धा तास बसली होती, आणि ते सुद्धा स्वतःच्या नावाच्या पाटीसकट. म्हणजे पुढाऱ्यांना नाही घाबरली. मलाच घाबरली. तिला वाटलं असेल, दुसरा विषय म्हणजे तिला काढण्याचाच ठराव असणार.

म्हणून सोमवारी मी उंबरमाळला गेले.

हो, तू आणलेल्या त्या रस्त्याने. सात वर्षांत पहिल्यांदा. पोलादपूरच्या नाक्यावर जीप लागलेलीच होती. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, पुढं बसा." मी नोकरीत असताना ती चढण पायी चढायचे, मधल्या आंब्याखाली दोनदा बसायचे, पिशवीत वह्या आणि चपला. आता गाणं लावून गाडी सुरू केली त्याने, आणि दुसरं गाणं संपायच्या आत मारुतीचं देऊळ दिसलं. मी त्याला म्हटलं, चुकलास का रे? तो म्हणाला, "उंबरमाल हीच की." उतरले आणि मागे वळून तो सगळा रस्ता पाहून घेतला.

डांबर दोन ठिकाणी उखडलंय, ते तुझ्या ठेकेदाराला सांग.

रंगूबाई अंगणात वाल पाखडत बसली होती. तुझी आई थकली गं. मला बघून उठली नाही, सूपही खाली ठेवलं नाही. म्हणाली, "वाट चुकलाव काय बाई?"

मी म्हटलं, "चुकले होते. आता आले."

"आलाव त बसा. पाय धुवा. भाकरी टाकते."

नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं. मी जेवले तेव्हा कुठे ती बोलायला लागली. तुझ्याबद्दल नाही, सोनबांबद्दल. म्हणाली, "भावजी रोज दिस कलला का रस्त्याच्या वळनावर, वढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावं जाऊन बसायचा. मी म्हनायची, काय बघतंस? तर म्हनायचा, बाई एक दिस जीपनं येतील, त्यांना मोरी दाखवायची हाय. मोरी बरी बांदलीय."

मी म्हटलं, "ते तर म्हणायचे, मी अजून पायवाटेनेच उतरतो. रस्त्याला पाय लावत नाही."

तुझी आई अशी हसली की वाल सांडले. "कोन, भावजी? पयल्या दिवशी पयल्या जीपला पुढं बसला व्हता! तुमच्या मिटिंगला जाताना पोलादपुरात उतरला का पायाला माती चोळायचा. बाईला बरं वाटतं म्हनायचा."

सात वर्षं, अंकिता! महिन्याच्या महिन्याला तो माणूस धुळीच्या पायांनी येऊन माझ्या सतरंजीवर बसायचा, आणि मी त्याला वर कौतुकाने म्हणायचे, सोनबा, तत्त्वाची माणसं तुमच्यासारखी असतात. कसला खोटारडा! मला तिथेच हसू आलं आणि मग थांबेचना. तुझ्या आईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि पाठीवर हात ठेवला. मी सोनबांसाठी रडले ती तेव्हा. अंत्ययात्रेत मी रडले नव्हते, तिथे मला फ्लेक्सचाच राग होता.

तो फ्लेक्स आता गोठ्यावर घातलाय, तुला माहीत असेल. तुझे पाची पुढारी आतल्या बाजूला, म्हशीकडे तोंड करून. सोनबा तेवढे बाहेर. तुझी आई म्हणते, पावसाला बरा हाय. मी आक्षेप मागे घेते.

आता दुसरा विषय. तो तुला काढायचा ठराव नाही, बये.

सप्टेंबरच्या बैठकीला आम्ही दोघंच होतो. चहा झाल्यावर सोनबा उठून उभे राहिले. दोनच माणसं असली तरी ठराव उभं राहूनच मांडायचा, हे त्यांनी कधी सोडलं नाही. टोपी नीट केली आणि म्हणाले, "उंबरमाळचा रस्ता करून आनल्याबद्दल हा पक्ष अंकिताचं अभिनंदन करतो हाय."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "सोनबा, किटली या आपल्या चिन्हावर निवडून आलेली एकुलती एक सदस्य. जिच्यासाठी तुम्ही-आम्ही वाड्या-वाड्या तुडवल्या. ती दीड वर्षात उठून त्यांच्याकडे गेली, आणि आपण तिचं अभिनंदन करायचं?"

ते म्हणाले, "ठरावात ती गेल्याचं कुठं हाय? रस्त्याचं हाय."

"रस्त्यासाठी वीस वर्षं निवेदनं कोणी दिली? तहसीलसमोर उपोषणाला कोण बसलं?"

"आपन बसलो. रस्ता कोनी आनला?"

तू गेलीस म्हणून रस्ता आला, की आपल्या निवेदनांनी कागद तयार होता म्हणून आला, यावर आम्ही सात वर्षं भांडलो होतो. त्या दिवशी पुन्हा भांडलो. शेवटी ते म्हणाले, "बाई, तिची वयनी डोलीत बाळंत झाली, पोर वाटंत गेलं. तवा डोलीला खांदा माजा व्हता. तुमी नव्हताव. मी सूचक. तुमी हात वर करा."

मी हात वर केला नाही. नाही म्हटलं असतं तर ठराव पडला असता, आणि तेही माझ्याच्याने होईना. म्हणून म्हटलं, विषय तहकूब, पुढच्या बैठकीत बघू. सोनबांनी टोपी काढली आणि बसले. रागावले नाहीत. जाताना जिन्यातून म्हणाले, "पुढच्या मिटिंगला हात दुखू देऊ नका."

पुढची बैठक यायच्या आत ते पडले. सकाळी भाताच्या बांधावर छातीत कळ आली, वाडीतल्या पोरांनी जीपमध्ये घातलं आणि महाडला आणलं. मला गावाहून पोचायला दुपार झाली. मला वाटलं होतं, बोलायच्या पलीकडे असतील. तर पाठीला दोन उशा घेऊन बसलेले! म्हणाले, "आलाव? बसा. हितं दोघं हाव. कोरम हाय."

मी म्हटलं, "गप्प पडून राहा."

"दोन वाड्या हायत. तो विषय घ्या."

"दवाखान्यात बैठक होत नाही, सोनबा. बरे व्हा आधी. रविवारी घेऊ."

"रविवारी नक्की?"

"नक्की."

मग त्यांनी पिशवीतल्या मोसंब्याकडे बोट केलं. मी मोसंबं सोलून दिलं, त्यातल्या दोन फोडी त्यांनी मलाच दिल्या. दिवस मावळेपर्यंत बसलो. काय बोललो म्हणशील, तर काहीच नाही. यंदा नाचणी बरी आहे. कठड्यावर कोणीतरी पानाची पिंक टाकतं. अंकिताच्या थोरल्याला सायकल हवी आहे. परिचारिका म्हणाली, आजी, वेळ संपली. मी म्हटलं, उद्या सकाळी येते. ते म्हणाले, "सावकाश या. मी हाय हितंच." मी एसटीने तुडीलला आले, आणि पहाटे फोन आला.

हे तुला ऑक्टोबरमध्येच सांगायला हवं होतं का? माहीत नाही. मी चुकले असं आजही म्हणणार नाही. तू गेलीस ते मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. सगळीच शहाणी माणसं जिकडे रस्ता मिळतो तिकडे गेली, तर ज्या वाडीला रस्ता नाही तिच्याकडून बोलणार कोण? आपण रस्ता देऊ शकलो नाही, मान्य. पण पाळीवरच्या पोरांना हातमोजे आणि बस कोणी मिळवून दिली? कातकरवाडीची नळाची लाईन? तू विसरली नसशील. मी तेवढ्यासाठीच अजून कुलूप उघडते.

पण सोमवारी परत येताना जीपमध्ये बसले आणि त्या मोरीवरून गाडी वळली, तेव्हा एक गोष्ट सरळ डोक्यात आली. सोनबांना डोलीतून खाली आणलं असतं तर ते आंब्याखालीच गेले असते. मला ते भेटलेच नसते. ती एक दुपार आणि एक संध्याकाळ, दोन फोडी मोसंब्याच्या, ते "आलाव? बसा", हे सगळं मला त्या डांबराने दिलं. म्हणजे तू दिलंस. आणि मी त्या संध्याकाळचा उपयोग काय केला, तर विषय तहकूब ठेवला.

एकटं वाटतं गो, फार एकटं वाटतं. लोक म्हणतात, बाई, पक्ष संपला, सोडा आता. पक्षाचं मला काही वाटत नाही, पक्ष संपतात. पण मी काही बोलले की "नाय, तसं नाय बाई" म्हणणारं कोणी उरलं नाही. सेजल 'हो आई, हो आई' करते. रविवारी मी सतरंजी घालते ती सुद्धा अर्धीच उलगडते आता.

तर ऐक. सूचक मेला म्हणून ठराव मरत नाही, हे आपल्या नियमात आहे. शोधून पाहिलं. तेव्हा सोनबांचा ठराव अजून जिवंत आहे आणि त्याला दुसऱ्या वाडीचा अनुमोदक हवा आहे. तो मी देते. उंबरमाळचा रस्ता आणल्याबद्दल सावित्री खोरे लोकपक्ष अंकिताचं अभिनंदन करतो. या ठरावाला तुडील बौद्धवाडीची उज्वला तांबे अनुमोदन देत आहे. तू वर ये अगर नको येऊस, माझ्यापुरता तो मंजूर झाला. बैठकीत वाचून दाखवायला मात्र दोन माणसं लागतील.

आणि नियमाप्रमाणे माझी एक खरी तक्रार. पक्ष सोडलास ही नाही, ती तर सगळ्या खोऱ्याला पाठ आहे. तक्रार ही, की तू सांगून गेली नाहीस. आदल्या रविवारी तू माझ्याशेजारी बसलीस, माझ्या डब्यातली सुकटाची चटणी खाल्लीस, 'येते बाई' म्हणालीस, आणि चार दिवसांनी मला पेपरातून कळलं. मी ओरडले असते, जिना डोक्यावर घेतला असता, सगळं खरं. तरी सांगून जायचं होतंस. मी रडत रडत का होईना, तुला जिन्यापर्यंत सोडायला आले असते.

आता सोनबांचं. जानेवारीच्या पहिल्या रविवारी, चार तारखेला, चार वाजता. चांगलं बोलायचं ते मी बोलते, ते माझ्याकडे पुष्कळ आहे. तक्रार तू आण. पायाला माती चोळायची ती माझी आहे, ती घेऊ नकोस, दुसरी शोध. तुझ्याकडे एखादी असेलच. खांद्यावरून शाळेत नेणाऱ्या माणसाबद्दल कोणाची तक्रार नसते असं थोडंच असतं? आणि नाही आलीस तरी मी खाली येईन यावेळी. गाडीच्या काचेवर टकटक करीन, आणि तिथेच, बाजारात, सयाजीच्या पोत्यांसमोर बैठक घेईन. मग तुझ्या तिकिटाचं काय व्हायचं ते होवो.

हे लिहिताना डावा हात वर केलाय. उजव्याने लिहिते आहे, म्हणून अक्षर वाकडं आलंय. घरात बघायला कोणी नाही, तरी मोजायचा तर मोजून घे.

सूचक: सोनबा उतेकर, उंबरमाळ (दिवंगत)
अनुमोदक:
तुझी बाई,
उज्वला
तुडील, बौद्धवाडी